क्षमा झाली, हिशेब बाकी

कुंडम (जि. जबलपूर) : ३१ मार्च २०२५ रोजी मंडला जिल्ह्यातील आदिवासी कॅथॉलिक भाविकांची एक बस जबलपूर शहरात अडविण्यात आली. शहरातील चर्चच्या यात्रेसाठी ही मंडळी आली होती. धर्मांतराचा संशय घेऊन बस पोलिस ठाण्यात नेण्यात आली आणि त्यांच्या मदतीस धावलेल्या धर्मगुरूंना रांझी ठाण्याच्या आवारात, पोलिसांच्या समक्ष, मारहाण झाली. आठवडा उलटण्याच्या आत त्याचे पडसाद संसदेत उमटले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपांखाली अटक झाली. २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. दरम्यान संसदेच्या आवारात पुन्हा फलक झळकले, पुन्हा घोषणा झाल्या.

संसदेचे कामकाज वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला या दोन्ही प्रसंगांत एक साम्य सहज जाणवले. एका बाजूने घटनेतील धर्मस्वातंत्र्याचा हवाला दिला जातो, दुसऱ्या बाजूने भोळ्याभाबड्या आदिवासींच्या फसवणुकीचा. ज्यांच्याविषयी हा वाद चालतो ते आदिवासी मात्र दोन्ही भाषणांत केवळ कर्मस्थानी असतात. दुर्गच्या त्या सज्ञान तरुणी कामासाठी आग्र्याला निघाल्या होत्या, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. त्यांना घरापासून इतक्या दूर कामासाठी का जावे लागले, हा प्रश्न सभागृहात कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही.

हा प्रश्न कुंडमसारख्या ठिकाणी अधिक ठळकपणे समोर येतो. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तहसीलीचे गाव. हिरन नदी येथे उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. आजूबाजूची वस्ती प्रामुख्याने गोंडांची. शेती कोदो-कुटकीची आणि पावसावर अवलंबून. जोडीला मोहाची फुले आणि शहरातील मजुरी. गोंड राजे शंकरशहा व त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले ते याच जिल्ह्यात, जबलपुरात. या हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालण्यात आज कोणताही पक्ष मागे नाही. अशा या जिल्ह्यात आदिवासींची बस अडविली जाते, तेव्हा याच राज्यातील दुसऱ्या एका बसची आणि त्या बसमधील एका धर्मभगिनीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

२५ फेब्रुवारी १९९५. देवास जिल्ह्यातील उदयनगरहून सकाळी इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया बसल्या होत्या. इंदूरहून भोपाळ आणि तेथून केरळ, असा त्यांचा बेत होता. वाटेत नाचनबोरच्या टेकडीवर समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांच्यावर चाकूने वार करण्यास सुरुवात केली. बस थांबली, त्यांना खाली ओढण्यात आले, वार होतच राहिले. त्यांच्या अंगावर लहानमोठ्या ५४ जखमा होत्या, अशी नोंद आहे. बसमध्ये सुमारे पन्नास प्रवासी होते. कोणीही मध्ये पडले नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. २७ फेब्रुवारीला उदयनगर येथेच त्यांचे दफन झाले.

मराठी वाचकाला देवास ठाऊक आहे ते पवारांच्या दोन पात्यांच्या संस्थानामुळे आणि त्याहून अधिक कुमार गंधर्वांमुळे. इंदूर तर होळकरांचे, निम्म्या मराठी माणसाला आजोळासारखे वाटणारे शहर. परंतु याच देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस बागली-उदयनगरचा डोंगराळ मुलूख आहे. भिल्ल, बारेला, कोरकू यांचा. त्या मुलखाशी आपला परिचय कधी झाला नाही. राणी मारियांचे नाव इटलीत माहितीपटाचा विषय झाले, केरळात चित्रपटाचा झाले; मराठीत मात्र त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातील पुल्लुवळी गावचा. वट्टालिल हे शेतकरी कुटुंब. सात भावंडांतले हे दुसरे अपत्य. १९७२ मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात प्रवेश केला, १९७४ मध्ये पहिले व्रत घेतले. डिसेंबर १९७५ मध्ये त्या उत्तर प्रदेशातील बिजनौर येथे आल्या, आधी शिक्षिका म्हणून आणि नंतर समाजकार्यासाठी. १९८३ मध्ये त्यांची रवानगी मध्य प्रदेशच्या पूर्व टोकाला ओडगडी येथे झाली. मे १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या. म्हणजे मृत्यूपूर्वी तेथे त्यांना तीन वर्षेही पुरती मिळाली नव्हती.

या तीन वर्षांत त्यांनी असे केले तरी काय, की एका संन्यस्त स्त्रीच्या जिवावर उठावे? त्यांनी शाळा काढली नाही, की रुग्णालय उभारले नाही. त्या गावोगाव फिरल्या, स्त्रियांचे गट बांधले, सरकारच्या कोणत्या योजना आहेत हे लोकांना सांगितले आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. ऐकायला हे अगदी साधे वाटते. शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात याहून वेगळे काही लिहिलेले नसते. योगायोग असा, की १९९२ मध्येच नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला होता. राणी मारिया उदयनगरला जे करीत होत्या, ते दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत धोरण म्हणून आकार घेत होते.

परंतु ज्या मुलखात आदिवासीची पत सावकार ठरवितो, तेथे बँकेचा अर्ज हे साधे कागदपत्र राहत नाही. पावसाच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवेत, घरात आजारपण आहे, मुलीचे लग्न आहे, अशा वेळी सावकार दारात येऊन पैसे देतो. तो कागद मागत नाही. बँक मात्र जमिनीचा उतारा मागते, दाखला मागते, जामीन मागते. जो कागद देऊ शकत नाही तो सावकाराकडे जातो आणि पीक निघाल्यावर ते सावकार सांगेल त्या भावाने त्याच्याच खळ्यात टाकतो. पुढच्या पावसाला पुन्हा हात पसरतो. या चक्रात व्याजापेक्षा मोठी गोष्ट असते ती अंकितपणाची. जो ऋणको आहे तो मजुरीचा दर मागत नाही, ग्रामसभेत बोलत नाही, मतदानालाही सांगेल तिकडे जातो. अशा ठिकाणी दहा स्त्रियांनी एकत्र येऊन बँकेत खाते काढणे हा अर्थव्यवहार नसून सत्ताव्यवहार असतो. राणी मारियांच्या कामामुळे नेमका तोच धक्का बसला आणि त्यातूनच हा कट शिजला, असे त्यांच्या संघाचे म्हणणे राहिले आहे. आपल्याला भडकविण्यात आले होते, असे खुद्द समुंदर सिंहनेही पुढे जाहीरपणे सांगितले.

महाराष्ट्राला हे कथानक अनोळखी वाटण्याचे कारण नाही. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये गोदावरी परुळेकर गेल्या, तेव्हा काय घडले होते? पुण्यात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली एक स्त्री जंगलपट्टीत जाते. वेठ आणि लग्नगड्याची पद्धत बेकायदा आहे एवढेच सांगते. मजुरीचा दर मागायला शिकविते आणि जमीनदारांचा सारा मुलूख हादरून जातो. तेव्हाही ‘बाहेरची बाई येऊन आमच्या साध्या माणसांना चिथावते’ हीच तक्रार होती. गोळीबार झाला, वारल्यांचे प्राण गेले, गोदूताईंवर हद्दपारीचे हुकूम निघाले. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गोदूताई कम्युनिस्ट होत्या, राणी मारिया धर्मभगिनी. दोघींच्या श्रद्धांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर. तरीही दोघींवरचा आरोप एकच असावा, हे बोलके आहे. एकीच्या बाबतीत शंका लाल झेंड्याची, दुसरीच्या बाबतीत क्रुसाची. वास्तविक ज्याचे हितसंबंध दुखावतात त्याला झेंड्याशी वा क्रुसाशी कर्तव्य नसते. त्याला कर्तव्य असते ते आपल्या खतावणीशी. झेंडा आणि क्रूस ही लोकांना सांगण्याची कारणे असतात.

हत्येनंतरची कहाणी अधिक प्रसिद्ध आहे आणि ती खरोखरच असामान्य आहे. समुंदर सिंहला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, ज्या स्वतः त्याच संघाच्या धर्मभगिनी, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने व संघाने शासनाकडे शब्द टाकला. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात वट्टालिल कुटुंबाच्या घरी गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. ज्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले, ते हात! यावर भाष्य करण्याचा अधिकार इतरांना नाही. बदल्याच्या राजकारणाने ग्रासलेल्या देशात एका शेतकरी कुटुंबाने हे करून दाखविले, याबद्दल नतमस्तक व्हावे, इतकेच.

मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या रक्तसाक्ष्याला मान्यता दिली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे व्हॅटिकनचे कार्डिनल अँजेलो अमातो यांच्या हस्ते त्यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले. संतपदाच्या वाटेवरील ही शेवटच्या आधीची पायरी. हा मान मिळालेल्या त्या भारतातील पहिल्या स्त्री रक्तसाक्षी.

येथे शब्दांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. आपण ‘हुतात्मा’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर आहुती असते. वसईकडच्या मराठी ख्रिस्ती समाजाने मात्र ‘रक्तसाक्षी’ हा शब्द रूढ केला आहे, आणि तो मूळ ग्रीक शब्दाच्या अधिक जवळचा आहे. कारण त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘साक्षीदार’ असा आहे. साहजिकच प्रश्न उद्भवतो : साक्ष कशाची? चर्चच्या नियमानुसार रक्तसाक्षी ठरण्यासाठी मारेकऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो. मग सावकारीला धक्का लावल्यामुळे जी मारली गेली, तिची साक्ष श्रद्धेची की न्यायाची?

हा पेच चर्चलाही नवा नाही. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची २४ मार्च १९८० रोजी वेदीपाशी गोळी घालून हत्या झाली. ते श्रद्धेसाठी मेले की राजकारणासाठी, या वादात त्यांचे प्रकरण वर्षानुवर्षे अडकून पडले. २०१५ मध्ये ते धन्यवादित झाले, २०१८ मध्ये संत. गरिबाची बाजू घेणे हे श्रद्धेचेच आचरण आहे आणि म्हणून त्यापायी आलेला मृत्यू हे रक्तसाक्ष्यच, हा विचार त्यातून बळकट झाला. त्या अर्थाने राणी मारिया एकट्या नाहीत. १२ फेब्रुवारी २००५ रोजी ब्राझीलमधील अनापू येथे डोरोथी स्टँग या ७३ वर्षांच्या धर्मभगिनीला ठार करण्यात आले. ॲमेझॉनच्या भूमिहीन शेतकऱ्यांची बाजू घेणे हा त्यांचा अपराध. १५ नोव्हेंबर २०११ रोजी, म्हणजे बिरसा मुंडा यांच्या जयंतीच्या दिवशी, झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात सिस्टर वाल्सा जॉन यांची हत्या झाली. कोळसा खाणीमुळे जमिनी गमावणाऱ्या संथाळांबरोबर त्या राहत होत्या. तिन्ही ठिकाणी भाषा निराळी, कायदे निराळे; परंतु जमीन, कर्ज आणि कागद हीच तीन कारणे पुन:पुन्हा पुढे येतात.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही न्यायबुद्धीने विचारात घेतले पाहिजे. धर्मभगिनींची सेवा त्यांच्या धर्मापासून वेगळी काढता येत नाही आणि सेवेच्या आडून धर्मप्रसार होतो, अशी शंका या राज्यात फार जुनी आहे. नागपूर राजधानी असलेल्या त्या काळच्या मध्य प्रदेशाने १९५४ मध्ये माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. १९६८ मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्य कायदा केला, १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. १९७८ मध्ये ओमप्रकाश त्यागी यांनी असाच कायदा साऱ्या देशासाठी करण्याचे खासगी विधेयक लोकसभेत आणले, तेव्हा मदर तेरेसा यांनी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना उघड पत्र लिहून विरोध नोंदविला. ते विधेयक संमत झाले नाही. २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. त्यात शिक्षेची कमाल मर्यादा दहा वर्षांपर्यंत गेली.

म्हणजे सक्तीच्या वा आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध या राज्यात १९६८ पासून कायदा आहे. कोणी तो मोडला असेल तर त्यासाठी फिर्याद आहे, न्यायालय आहे. श्रद्धा ही राणी मारियांची प्रेरणा होती, हे त्यांनी कधी लपविले नाही. लपविण्याचे कारणही नव्हते. परंतु कर्जाच्या अर्जावर अर्जदाराला आपला देव लिहावा लागत नाही. आदिवासी स्त्रीला बँकेत नेणे हे आमिष असेल, तर मग सरकारच्या प्रत्येक योजनेला तेच नाव द्यावे लागेल. सेवेमागच्या हेतूची इतकी काळजी वाटत असेल, तर त्यावर प्रामाणिक उपाय एकच : ती सेवा शासनाने स्वतः अशी चोख द्यावी, की आदिवासीला कोणाच्याही मध्यस्थीची गरज उरू नये.

ती तशी दिली गेली काय? याचे उत्तर शोधताना सनावळीकडे पाहावे. झाबुआचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देण्याविषयीचा अहवाल जानेवारी १९९५ मध्ये सादर केला. पुढच्याच महिन्यात राणी मारिया मारल्या गेल्या. भुरिया समितीच्या शिफारशींवर आधारलेला ‘पेसा’ कायदा डिसेंबर १९९६ मध्ये संमत झाला. त्यात ग्रामसभेला व योग्य स्तरावरील पंचायतीला जे अधिकार देण्यास राज्यांना बजावले आहे, त्यांत एक स्पष्ट अधिकार आहे : अनुसूचित जमातींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा. जे काम एक धर्मभगिनी पायपीट करून करीत होती आणि ज्यापायी तिचा जीव गेला, ते काम संसदेने अवघ्या बावीस महिन्यांनी कायद्याच्या कलमात लिहिले. एखाद्या रक्तसाक्षीची साक्ष इतक्या तातडीने कायद्यात उतरल्याचे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे. भले कायदा करणाऱ्यांना तिचे नावही ठाऊक नसेल.

परंतु कलम लिहिले जाणे आणि ते लागू होणे यांत मध्य प्रदेशात २६ वर्षे गेली. राज्याचे पेसा नियम अमलात आले ते १५ नोव्हेंबर २०२२ रोजी. आणि ते लागू झाले कोठे? घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रांत, म्हणजे २० जिल्ह्यांतील ८९ विकासखंडांत. या २० जिल्ह्यांत देवास नाही. जबलपूरही नाही. बागली विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. कुंडम ज्या सिहोरा मतदारसंघात येते, तोही राखीव आहे. म्हणजे उमेदवार आदिवासी असावा इतकी ही गावे आदिवासी आहेत. मात्र ग्रामसभेने सावकाराला जाब विचारावा इतकी ती आदिवासी नाहीत! २०२० मध्ये राज्याने बिगरपरवाना सावकारांचे आदिवासींवरील कर्ज रद्द करणारा कायदा केला, तोही पुन्हा त्याच ८९ विकासखंडांपुरता. उदयनगरचा कर्जदार त्याच्या बाहेर, कुंडमचाही बाहेर.

हा दोष केवळ आजच्या सत्ताधाऱ्यांच्या माथी मारून भागणार नाही. १९९५ मध्ये भोपाळमध्ये काँग्रेसचे सरकार होते, दिल्लीतही काँग्रेसचेच. त्यानंतर दोन्ही ठिकाणी सत्ता अनेकदा बदलली. अनुसूचित क्षेत्राच्या सीमारेषा कोणालाही वाढवाव्याशा वाटल्या नाहीत. याचे साधे कारण असे, की आदिवासींच्या नावाने दिवस साजरा करणे, स्मारक उभारणे, राखीव जागेवर उमेदवार देणे यांत स्थानिक सत्तेची मांडणी बदलत नाही. ग्रामसभेला सावकारीवर अधिकार देण्यात ती बदलते. जी गोष्ट नाचनबोरच्या टेकडीवर चाकूने अडविली गेली, ती येथे नकाशाने अडविली गेली आहे. दोन्हींची नैतिक तुलना होऊ शकत नाही हे खरे. परंतु परिणामी दिलासा मिळाला तो एकाच वर्गाला.

चर्चनेही आत्मपरीक्षण करावे, अशी ही वेळ आहे. राणी मारियांची आठवण क्षमेच्या कथेपुरती मर्यादित होत चालली आहे. ही कथा सांगायला सोपी आहे, ऐकायला पवित्र आहे आणि कोणालाही अडचणीची नाही. राखी बांधणारी बहीण आणि पश्चात्तापदग्ध मारेकरी एवढेच चित्र समोर ठेवले, की सावकार चित्रातून अलगद बाहेर पडतो. ज्या कागदांसाठी राणी मारिया फिरल्या त्या कागदांची स्थिती आज काय आहे, हे विचारणे कोणालाही गैरसोयीचे वाटते. खरे तर त्यांच्या स्मृतिदिनी, २५ फेब्रुवारीला, प्रार्थनेइतकीच उचित गोष्ट ठरेल ती उदयनगर परिसरातील किती आदिवासी स्त्रियांच्या हाती स्वतःच्या नावाचे पासबुक, जमिनीचा उतारा आणि जातीचा दाखला आहे, याची मोजदाद.

क्षमा आणि न्याय यांत गल्लत करू नये. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे माणूस गेले त्याचा. तो वट्टालिल कुटुंबाने वापरला आणि त्यामुळे एक माणूस माणसांत परत आला. शासनसंस्थेला क्षमेचा आधार घेता येत नाही. समुंदर सिंहने आपल्या वाट्याची शिक्षा भोगली, पश्चात्ताप केला. ज्या व्यवस्थेने त्याच्या हाती चाकू येऊ दिला, तिने काय केले, हा प्रश्न त्या राखीने मिटत नाही.

या प्रश्नाला उत्तर देणे अवघड नाही. पाचव्या अनुसूचीच्या सहाव्या परिच्छेदानुसार राष्ट्रपती त्या त्या राज्याच्या राज्यपालांशी सल्लामसलत करून अनुसूचित क्षेत्राचा विस्तार करू शकतात. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दोन तृतीयांश बहुमत लागत नाही. उदयनगर आणि कुंडम यांसारखे जे आदिवासीबहुल टापू या रेषेबाहेर राहिले आहेत, त्यांची यादी करून राज्याने प्रस्ताव पाठविणे आणि केंद्राने तो मंजूर करणे, एवढीच ही वाट आहे. तोवर राज्याला आपला २०२० चा कर्जमुक्तीचा कायदा राखीव मतदारसंघांतील आदिवासींपर्यंत नेण्यास कोणी अडविलेले नाही. ज्या केरळी खासदारांनी धर्मभगिनींसाठी सभागृह दणाणून सोडले, त्यांनी हा एक प्रश्न लेखी विचारावा. ज्यांना आदिवासींच्या फसवणुकीची चिंता वाटते, त्या सत्ताधारी खासदारांनी त्याला पाठिंबा द्यावा. फसवणुकीविरुद्ध याहून भक्कम तटबंदी दुसरी नाही.

१९९५ च्या त्या बसमध्ये पन्नास माणसे होती आणि ती पाहत राहिली. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांतील अनेकांचे नाव कोणत्या ना कोणत्या खतावणीत असणार, आणि ज्याचे नाव खतावणीत असते त्याला मध्ये पडणे परवडत नाही. संसदेतील सदस्यांचे तसे नाही. त्यांचे नाव कोणत्याही सावकाराच्या वहीत नाही. त्यांनीही केवळ पाहत राहावे, याला मात्र कोणतीही सबब पुरेशी ठरणार नाही.